तिसरी बुडी

मी एक जुनी कवटी आहे. लांब, निमुळत्या तोंडाच्या, मासे खाणाऱ्या सुसरीच्या कुळातली. मित्रांनो, एक खुलासा आधीच करते, कारण तो वेळेवर न झाल्यामुळे गेल्या भाद्रपदात माझा शेवट ठरला होता. मी हाडाची नाही. मी प्लास्टरची आहे. तुमच्या भाषेत पीओपीची. आतून मी पोकळ आहे आणि आतल्या अंगाला काथ्या दाबून बसवलेला आहे. ज्या घरात माझं बहुतेक आयुष्य गेलं, त्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि माझं तोंड हातभर लांब असलं, तरी मला बोलता येत नाही.

मला घडवलं श्यामसुंदर पेडणेकर सरांनी. ते मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. एका मे महिन्यात ते उत्तरेत शिवालिकच्या टेकड्या पाहायला गेले. तिथे एका ओळखीच्या संशोधकाने त्यांना एक दगड दाखवला. तो नुसता दगड नव्हता. फार जुन्या काळी तिथल्या नदीत राहणारी एक सुसर गाळात गाडली गेली, आणि तिची कवटी हळूहळू दगड होऊन गेली. ती कुणी इथे आणू देणार नव्हतं आणि सरांनाही ती नको होती. त्यांना तिचा आकार हवा होता. त्यांनी दगडाला साबणाचं पाणी लावलं, त्यावर प्लास्टर थापून तुकड्यातुकड्यांनी साचा काढला आणि कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून पत्र्याच्या ट्रंकेतून मुलुंडला आणला.

साच्यात मला ओतलं ते मात्र एका गणपतीच्या कारखान्यात. कुंडलिक मूर्तिकार हे सरांचे शेजारी. त्या दिवसांत त्यांच्याकडे मूर्तींची घाई होती. माझ्या एका बाजूला सोंडा वाळत होत्या, दुसऱ्या बाजूला उंदीर. कुंडलिकांनी सरांना सांगितलं, "मास्तर, एवढं लांब तोंड नुसत्या प्लास्टरचं टिकायचं नाही. सोंडेत घालतो तसा काथ्या घाला. अंगठ्याने दाबत चला." सरांनी तसंच केलं. मग चहाच्या काळ्या पाण्याने मला दगडाचा रंग दिला.

पुढच्या पावसाळ्यात शिवालिकमधली, तो दगड ठेवलेली शेड दरडीखाली गेली. मूळ दगड तिच्याबरोबर गेला. साचाही मला बाहेर काढतानाच फुटला होता. म्हणजे त्या सुसरीची म्हणून जी काही खूण उरली, ती मुलुंडच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, टेबलावर होती.

ती वर्षं चांगली गेली. सर मला समोर ठेवत आणि पहिलं वाक्य ठरलेलं असे: "मुलांनो, हा ठसा आहे. हात लावा, घाबरू नका." मुलं माझ्या दातांच्या खोबणीत बोटं घालत. सर माझे नातेवाईक सांगत. आज जिवंत असलेली आपली सुसर, जिला हिंदीत घडियाल म्हणतात, ती चंबळसारख्या मोजक्या नद्यांत उरली आहे. नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो. मलाया, सुमात्रा, बोर्निओकडे तिच्यासारखीच लांब तोंडाची एक आहे. ती बहीण की नुसती सारखी दिसणारी परकी, यावर विद्वानांत वाद आहे. बाकीचे सगळे गेले. शिवालिकमध्येच एक एवढी मोठी होती की तिच्यापुढे आजची सुसर पोर वाटेल. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतही आमचं कूळ होतं. आज तिथे त्यातलं कुणी नाही. सर एवढं सांगून थांबत.

सर अचानक गेले. त्यांचा मुलगा मुकुल तेव्हा चार वर्षांचा होता. शाळेने सरांची छत्री, भिंग आणि मला घरी पोचवलं. "हा ठसा आहे" हे वाक्य मात्र शाळेतच राहिलं. मुकुलला लहानपणापासून एवढंच ठाऊक, की बाबांनी सुसरीची खरी कवटी आणली होती. त्याच्या आईलाही, ती होती तोवर, वेगळं काही माहीत नव्हतं. आणि माहीत असतं, तरी तिने पोराचा एवढा एक अभिमान का मोडला असता?

मी कपाटावर गेले. धूळ, जुने कॅलेंडर, बंद पडलेला मिक्सर. वर्षातून एकदा, दसऱ्याला, सरांची धाकटी बहीण कुंदा आत्या दहिसरहून यायची. सरांची हत्यारं म्हणजे भिंग आणि मी, असं तिने ठरवलं होतं. ती आम्हाला पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि मला खोबरेल तेलाने चांगली चोळायची. चोळताना हसायची. "सुसरबाई, तुझी पाठ मऊ! गो, माझो भाव गेलो, तू मात्र टिकलंस."

दर दसऱ्याला तेल. ते माझ्यात मुरत गेलं. पांढरेपणा गेला, चहाचा रंग गेला, आणि मी पिवळट तपकिरी, गुळगुळीत झाले. जुन्या हाडासारखी. ज्या मायेने मला जपलं, तिनेच माझा चेहरा बदलला.

आता गेल्या भाद्रपदाकडे येते. पेडणेकर तोवर बोरिवलीला नव्या टॉवरमध्ये राहायला आले होते. मुकुल एका सरकारी बँकेत अधिकारी. त्याची बायको रेवती दवाखान्यात हिशेब पाहते, मुलगी गंधाली अकरावीत. घरी दीड दिवसाचा गणपती. यंदाची आरास गंधालीने हातात घेतली: सुसर आणि तिचे नातेवाईक. गंगेचं वाहन मकर, तेव्हा बाप्पालाही चालेल, असं तिचं म्हणणं. मखराच्या मागे निळ्या कागदाची नदी केली. भिंतीवर एकेक नातेवाईक रंगवून चिकटवला. मलायातल्या बहिणीचा वाद रक्ताच्या तपासणीने मिटला होता. ती बहीणच निघाली. शेवटी एक नवं नाव होतं, चीनमधली सुसर. तीन हजार वर्षांपूर्वी माणसाने तिच्या मानेवर आणि डोक्यावर घाव घातल्याच्या खुणा तिच्या हाडांवर मिळाल्या आहेत. आज तीही नाही. आणि या सगळ्यांच्या मध्ये, पाटावर, मी.

पहिल्या संध्याकाळी लोक आले. मोदक खाल्ले, माझ्याकडे पाहिलं, "झकास!" म्हणाले. सोसायटीचा सेक्रेटरी सुयोग जरा जास्त वेळ वाकून पाहत राहिला.

"मुकुल, हे खरं आहे, यार?"

"खरं म्हणजे काय, बाबांनी स्वतः आणलंय."

"म्हणजे हाड? ओरिजिनल?"

"शंभर टक्के," मुकुल म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला कुणी हे विचारलं नव्हतं, आणि तो खुशीत होता.

सुयोगने फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: "पेडणेकरांकडे खऱ्या सुसरीची कवटी. दर्शनाला जरूर या." मग लिफ्टपर्यंत गेला आणि परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"अरे, माझ्या डोक्यात आत्ता आलं. अंधेरीला एकाच्या घरातून सांबराची शिंगं नेली होती ना? शिंगं नेली आणि माणसालाही नेलं. सुसर तर त्याहून कडक कायद्यात असेल. कागद आहेत तुझ्याकडे?"

"कसले कागद? बाबांच्या वेळचं आहे ते."

"मग वाट लागली. मी फोटो डिलीट करतो."

"किती जणांनी बघितला?"

सुयोगने मोबाइल त्याच्यापुढे धरला; फोटोखाली नमस्कारांची रांग लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुलने दार आतून लावून घेतलं. गंधाली म्हणाली, "बाबा, आपणच वनखात्याला फोन करूया ना. स्वतःहून सांगितलं तर ऐकतील."

"आणि काय सांगू? माझ्या बापाने आणली? कुठून? कुणाला विचारून?" मुकुल म्हणाला. "गेलेल्या माणसाला चोर ठरवू? आणि माझं काय? चौकशी लागली की आधी निलंबन, मग बाकीचं. तुझी फी काय सुयोग भरणार?"

"पण म्हणून..."

"गंधाली, एक शब्द नको."

त्याने मला उचललं आणि न्हाणीघरात नेलं. रेवतीने जुनी वर्तमानपत्रं अंथरली. तिने एकदाच विचारलं, "नक्की ना रे?" त्याने हातोडी उचलली. हातोडी त्याच्या वडिलांचीच होती.

मित्रांनो, त्या क्षणी माझी अवस्था विचित्र होती. मी फुटले असते तर सगळ्यांना खरं कळलं असतं. आतून पांढरं प्लास्टर निघालं असतं, काथ्या निघाला असता, मुकुल सुटला असता. पण ते पाहायला मी नसते, आणि शिवालिकच्या त्या सुसरीची शेवटची खूण नसती. न फुटले तर मी वाचले असते आणि तो अडकला असता. दोन्ही एकदम व्हायला कुणीतरी नीट बघायला हवं होतं. घाबरलेला माणूस नीट बघत नाही.

मुकुलने डोळे मिटले आणि घाव घातला. घाव माझ्या मागच्या कोपऱ्यावर बसला. एक कपचा उडून वॉशिंग मशीनखाली गेला. तुटल्या जागी पांढरं दिसत होतं आणि काथ्याचे दोन धागे बाहेर आले होते. त्याने डोळे उघडायच्या आत दारावरची बेल वाजली.

"पोलीस?" रेवती कुजबुजली आणि हाताला लागला तो टॉवेल तिने माझ्यावर टाकला.

पोलीस नव्हते. विसर्जनाला आलेली कुंदा आत्या होती. ती सरळ आत आली, टॉवेलखालून डोकावणारं माझं तोंड पाहिलं, मुकुलच्या हातातली हातोडी पाहिली.

"अरे मेल्या, काय करतंस? हातोडो खाली ठेव आधी."

मुकुलने सगळं सांगितलं. आत्या बाथरूमच्या दारातच स्टुलावर बसली.

"तोडूचा नाय," ती शेवटी म्हणाली. "दसऱ्याक पुजलेला आसा ता. पुजलेला कोण तोडता? गंगेचा वाहन. पाण्यातला पाण्यात सोडूया. आज गणपतीबरोबर."

कुणी वाद घातला नाही. आपल्याकडे जे मोडवत नाही आणि ठेवताही येत नाही, ते पाण्यात सोडतात. फुटलेली देवांची तसबीर, जुनी पोथी, वाळलेली फुलं. त्यात चोरी नाही, पाप नाही. आत्याने टॉवेलच्या गाठी मारल्या, वर झेंडू आणि दुर्वा ठेवल्या. गंधाली मखरामागे उभी होती. ती रडत नव्हती. भिंतीवरचे नातेवाईक एकेक करून काढत होती.

दुपारी आम्ही मैदानावरच्या कृत्रिम तलावाशी पोचलो. दोन हौद होते: एक शाडूच्या मूर्तींसाठी, दुसरा पलीकडे, पीओपीच्या मूर्तींसाठी. रांगेच्या तोंडाशी श्वेता नावाची कॉलेजची स्वयंसेविका होती. प्रत्येक मूर्तीच्या तळाला ती अंगठ्याचं नख लावून पाही आणि हौद सांगे. तिच्या मागे खुर्ची टाकून एक महिला पोलीस बसल्या होत्या. त्यांना पाहताच मुकुलची चाल मंदावली.

"चल रे," आत्या पुटपुटली. "चोरासारखो चालू नको."

आरती झाली. पेडणेकरांची मूर्ती शाडूची होती. हौदात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या विशाल नावाच्या स्वयंसेवकाने ती पाटासकट घेतली, तीन बुड्या दिल्या आणि सोडली. "पुढच्या वर्षी लवकर या!" आत्याने त्याच गर्दीत गाठोडं पुढे केलं.

"ह्या पण सोड, बाबा."

"आजी, निर्माल्य तिकडे कलशात."

"निर्माल्य नाय. देवाचा आसा. विचारू नको."

'देवाचं' म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं. विशालने मला घेतलं.

पहिली बुडी. "गणपती बाप्पा..." मागून कुणीतरी ओरडलं, "मोरया!" टॉवेल भिजला. माझ्या अंगावरून पाणी ओघळून गेलं. आत्याचं इतक्या दसऱ्यांचं तेल माझ्या अंगात होतं. पाण्याला आत शिरायला जागाच मिळेना.

दुसरी बुडी. या वेळी त्याने जरा जास्त वेळ दाबून धरलं. पाण्याला माझा तुटलेला कोपरा सापडला. तिथे तेल नव्हतं. कोरडं प्लास्टर तहानलेलं असतं. पाणी आत आलं आणि माझ्या आतली हवा, सरांनी काथ्या दाबताना आत राहिलेली हवा, बाहेर पडू लागली. बुडबुड्यांची एक माळ वर आली. मग दुसरी.

विशालचे हात थांबले. "श्वेता, हे बघ गं. हे श्वास घेतंय."

"वर काढ," श्वेता म्हणाली.

"राहू द्या ना," मुकुल म्हणाला. "सोडा, सोडून द्या." तो फार घाईने बोलला. पोलीसबाई खुर्चीवरून उठल्या.

श्वेताने गाठी सोडल्या. झेंडू पाण्यावर तरंगले. आधी माझं टोक बाहेर आलं, मग दातांच्या खोबणी, मग सगळं तोंड. रांगेतला एक माणूस ओरडला, "मगर! अरे, मगरीचं डोकं आहे!" लोक पुढे सरले. मोबाइल वर झाले.

"काय भानगड आहे?" पोलीसबाईंनी विचारलं. "कुणाचं आहे? खरं आहे का?"

आदल्या संध्याकाळी 'शंभर टक्के' म्हणणारा मुकुल एक पाऊल मागे सरकला. रेवतीने त्याचा दंड धरला. आत्या पदराने हात पुसत राहिली.

"आमचं आहे," गंधाली म्हणाली. ती पुढे आली. "माझ्या आजोबांनी आणलं होतं. आमच्याकडे कागद नाहीत. आम्ही घाबरलो, म्हणून बुडवत होतो. आजोबा चोर नव्हते, मॅडम."

"गंधाली!" मुकुल म्हणाला.

"थांबा, साहेब. बोलू द्या तिला."

श्वेता या सगळ्याकडे पाहत नव्हती. सकाळपासून तिच्या हाताला एकच सवय लागली होती. तिने मला उलटं केलं आणि तळाला, तुटल्या कोपऱ्याला, अंगठ्याचं नख लावलं. पांढरा चुरा निघाला. तिने बाहेर आलेला धागा ओढला.

"काकी, हे पीओपी आहे," ती रेवतीला कंटाळलेल्या आवाजात म्हणाली. "पीओपी इथे नाही टाकायचं, पलीकडच्या हौदात. लिहिलंय बोर्डावर."

वर झालेले मोबाइल एकेक करून खाली आले.

"काय आहे?" गंधालीने विचारलं.

"पीओपी. हा बघ काथ्या. सोंड तुटू नये म्हणून घालतात ना, तसा."

गंधालीने मला हातात घेतलं. धागा पाहिला, चुरा पाहिला, मग नख लावून स्वतः पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "हाडात काथ्या नसतो."

पोलीसबाईंनीही वाकून पाहिलं. "म्हणजे खेळणं?"

"ठसा," गंधाली म्हणाली. शाळेत राहून गेलेला तो शब्द इतक्या वर्षांनी पेडणेकरांच्या घरातल्या कुणी उच्चारला. "कुणीतरी केलेला ठसा."

आत्याने कपाळावर हात मारला. "कुंडलिक! गो बाय, कुंडलिकाच्या कारखान्यात जाय रे तो. रोज. हात पांढरे करून घरी येय. आई ओरडे, 'मास्तर आसस की गवंडी?' माका वाटला, गणपती करूक शिकता." ती हसू लागली आणि हसताना रडू लागली. "आणि मी इतक्या वर्सा प्लास्टराक तेल लावलंय!"

"तुमचं खेळणं घरी घेऊन जा," पोलीसबाई म्हणाल्या. "रांग अडवू नका." जाता जाता त्यांनी मुकुलकडे पाहिलं. "आणि साहेब, खरं असतं, तरी पाण्यात टाकून खोटं झालं नसतं. आधी विचारायचं असतं."

विशाल अजून पाण्यात हात पसरून उभा होता. "मग तिसरी बुडी?"

"नको," मुकुल म्हणाला. दिवसभरात त्याचा तो पहिला शांत शब्द होता.

घरी आल्यावर त्यांनी मला सावलीत वाळवलं. कपचा वॉशिंग मशीनखालून निघाला. गंधालीने तो चिकटवायला घेतला, तेव्हा मुकुलने तिला थांबवलं. तुटलेल्या जागेतून माझ्या पोकळीत दिसत होतं. आतल्या बाजूला, काथ्यावर, अंगठ्याने दाबल्याच्या खुणा होत्या. एकापुढे एक, तोंडाच्या टोकापर्यंत. मुकुलने आपला अंगठा पहिल्या खुणेवर ठेवला. ठेवून तसाच बसला. वडिलांचा चेहरा त्याला आठवत नाही. हात मात्र आता त्याच्या ओळखीचा झाला आहे.

कपचा अजून चिकटवलेला नाही. ग्रुपवर सुयोगने खुलासा टाकला, तो फार कमी जणांनी वाचला. माझी ओळख पक्की करायला गंधालीने एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी मला सगळीकडून मापलं, जुन्या नोंदींत दरडीखाली गेलेल्या दगडाची मापं शोधली, ती माझ्याशी जुळली, आणि ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. यंदा दसऱ्याला आत्याने तेलाची बाटली आणली होती. प्राध्यापकांनी तेल लावू नका असं सांगितलं होतं, म्हणून तिने नुसतं हळदकुंकू वाहिलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून बोटभर तेल टोकाला लावलंच.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर अशी एखादी वस्तू असेल, जिच्याबद्दल सगळे काहीतरी सांगतात आणि कुणी नीट पाहिलेलं नसतं. ती मोडण्याआधी हातात घ्या. ती कुणी केली, कुठून आली, हे जाणती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. नुसती पूजा करू नका आणि नुसती भीतीही बाळगू नका.

आणखी एक मागणं आहे, ते माझ्यासाठी नाही. माझी मूळ सुसर गेली, तिचा दगडही गेला. तरी सरांच्या ओंजळभर प्लास्टरमुळे तिचा आकार उरला. चंबळच्या वाळूत आज ऊन खात पडलेली माझी नातलग प्लास्टरची नाही. जाळ्यात तिचं तोंड अडकतं, वाळू उपसली की तिची अंडी घालायची जागा जाते. ती गेली, तर कितीही चांगला ठसा घेतला, तरी तो पाण्यात शिरून मासा पकडणार नाही. तिच्या दोन बुड्या झाल्या आहेत. पाण्यावर बुडबुडे दिसताहेत. कुणीतरी विशालसारखं हात थांबवून म्हणायला हवं, "हे बघ, हे श्वास घेतंय."